ओएसटी सेंटरचा आमचा अनुभव : सहा वर्षं, रोजची गोळी आणि गेटबाहेरची पोलीस गाडी

रेटिंग ५ पैकी ४. जो एक कापलाय तो सेंटरच्या लोकांचा नाही, का कापला ते खाली येईलच.

आधी एक सांगते, गर्दच्या पेशंटला रोज औषध देणाऱ्या ह्या सेंटरचं नाव लिहिणार नाहीये. मुंबईतलं सरकारी हॉस्पिटल आहे, हार्बर लाइनच्या स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, एवढंच पुरे. नाव लिहिलं की रांग सापडते, आणि रांग शोधत येणारे सगळेच पेशंटचे नातेवाईक नसतात. पण रिव्ह्यू लिहायचाच होता, कारण २०१८ मध्ये मी रात्र रात्र मोबाइलवर शोधत होते की गर्दवर औषध असतं का, आणि मराठीत काहीच सापडलं नव्हतं, जे होतं ते सगळं प्रायव्हेट व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिराती, "१०० टक्के गॅरंटी", "पेशंटला घरून उचलून नेण्याची सोय". ती उचलून नेण्याची सोय आम्ही वापरलेली आहे. त्याबद्दल पण लिहिते.

पेशंट म्हणजे माझा दादा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. एसी-फ्रिज रिपेअरिंगचं काम हातात, इतकं चांगलं की कॉम्प्रेसरचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा. २००९ पासून ब्राऊन शुगर, पहिल्यांदा पन्नीवर जाळून ओढायचा, मग २०१३ पासून सुई. आमच्याकडे अजून गर्दच म्हणतात, आणि ओढणाऱ्याला गर्दुल्ला. हा शब्द मला अजिबात आवडत नाही, आमच्या चाळीत लहान पोरं पण दादाला त्याच नावाने हाका मारायची आणि आई खिडकी लावून घ्यायची. दिवसाला पाचशे-सातशे रुपये जायचे. आईच्या बांगड्या, माझ्या कॉलेजची फी, मामांनी दिलेलं टूलकिट, सगळं गेलं. हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये, पुढचं का महत्त्वाचं आहे ते कळावं म्हणून सांगतेय.

तर ओएसटी म्हणजे काय. पूर्ण नाव ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी. गर्द म्हणजे हेरॉइनच, भेसळ केलेलं, आणि ते अफूच्या घराण्यातलं. त्याच्या जागी त्याच घराण्यातलं पण सौम्य आणि जास्त वेळ टिकणारं औषध रोज द्यायचं म्हणजे टर्की येत नाही, सुई लागत नाही, पुडीमागे धावावं लागत नाही. काही ठिकाणी मेथाडोनचं सिरप देतात, आमच्याकडे ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या. टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावर जे होतं ते, ज्यांनी घरात बघितलंय त्यांना सांगायला नको, नाका-डोळ्यातून पाणी, अंगावर काटा, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं, रात्रभर पाय झाडणं. बाहेरच्यांना वाटतं माणूस मजेसाठी पितो. मजा पहिल्या वर्षातच संपलेली असते हो, पुढची सगळी वर्षं माणूस टर्कीला घाबरून पीत असतो.

सगळं फुकट आहे. केसपेपरपासून गोळीपर्यंत. हा कार्यक्रम नॅकोचा म्हणजे एड्स नियंत्रणवाल्यांचा, कारण एकच सुई चार जण वापरतात आणि त्यातून एचआयव्ही आणि हेपटायटिस सी पसरतो. म्हणून मुळात हे सुई मारणाऱ्यांसाठी आहे. आमचा दादा सुईवर होता म्हणून लगेच घेतला. नुसता पन्नीवाला असता तर काय झालं असतं माहीत नाही, एवढ्यासाठी कोणी सुईपर्यंत जायची वाट बघायची का, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

पहिला दिवस. जानेवारी २०१९, मंगळवार होता. एनजीओचा एक आउटरीचवाला दादाला पुलाखाली भेटायचा, नव्या सुया द्यायचा, जुन्या गोळा करायचा. तो स्वतः आधी वापरणारा होता, म्हणून दादा त्याचं ऐकायचा. त्यानेच आणलं. आदल्या रात्रीपासून काही घ्यायचं नाही असं बजावलेलं, कारण अंगात हेरॉइन ताजं असताना ही गोळी घेतली तर ती हेरॉइनला ढकलून जागा घेते आणि एकदम जोरात टर्की बसते. हे फार महत्त्वाचं आहे, कोणी परस्पर मेडिकलमधून आणून देऊ नका. दादा थरथरत होता, जांभयांवर जांभया, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. डॉक्टरांनी नाडी बघितली, हात बघितले, दंडावरच्या जखमा बघितल्या, आणि पहिल्यांदा काय विचारलं असेल तर "जेवलास का?" बस. कुठून घेतोस, कोण विकतो, घरच्यांना किती त्रास दिलास, काही नाही. मी तोपर्यंत दहा वर्षात जेवढ्या ऑफिसात, चौकीत, दवाखान्यात दादाबरोबर गेले होते तिथे पहिला प्रश्न नेहमी दुसराच असायचा.

सिस्टर गोळी कुटून पावडर करतात, जिभेखाली ठेवतात, मग बाकावर बसायचं आणि विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही, पाणी नाही. पाच-दहा मिनिटं लागतात. नंतर सिस्टर बॅटरी मारून तोंड बघतात, जीभ वर कर, गाल दाखव. कुटतात कशासाठी तर कोणी गोळी तोंडात लपवून बाहेर नेऊन विकू नये म्हणून. पहिल्या डोसनंतर दोन तास बसवून ठेवलं, मग अजून थोडा दिला. आणि मी समोर बसून बघतेय तर दादाचे पाय झाडायचे थांबले. त्याच्या नाकातून येणारं पाणी थांबलं. त्याने मला विचारलं तुझी परीक्षा कधी आहे. मी एमकॉम दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं पण मी सांगितलं, मार्चमध्ये.

चार मिलिग्रॅमवर सुरू केलं, वाढवत वाढवत बारापर्यंत नेलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने घरी येऊन वरणभात मागून घेतला. पहिल्या दोन महिन्यात चार वेळा घसरला, म्हणजे गोळी चालू असताना बाहेर सुई मारली. मला वाटलं आता काढून टाकतील. काउन्सेलर मॅडमनी रजिस्टरमध्ये लिहून घेतलं, कधी घेतली, कोणाबरोबर होतास, त्या दिवशी काय झालं होतं, आणि डॉक्टरांनी डोस वाढवला. बस एवढंच. खोटं बोलायची गरजच ठेवली नाही म्हणून तो खरं बोलायला लागला, आणि घरी पण.

आता आत्याचा प्रश्न. आमच्या आत्या आणि अजून बरेच जण म्हणतात, एक नशा सोडून दुसरी धरली, आणि ती पण सरकारच्या पैशाने. मी आधी चिडायचे, आता शांतपणे सांगते. ह्या गोळीला वरची मर्यादा आहे, एका पातळीनंतर जास्त घेतली तरी जास्त चढत नाही, आणि नुसत्या तिनेच श्वास बंद पडून मरण्याचा धोका हेरॉइनपेक्षा खूप कमी, मात्र वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर धोका आहेच. दिवसातून एकदा पुरते. दादा ती घेऊन अकराला मामांच्या दुकानात जातो आणि शिडीवर चढून स्प्लिट एसी बसवतो. नशेत असलेला माणूस तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उभा राहून गॅस भरू शकतो का? आणि दुसरी गोष्ट, पुडीत काय आहे हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं. कधी पॅरासिटामॉल, कधी झोपेची गोळी, कधी अजून काय. आज हलकी, उद्या एकदम कडक, आणि त्या कडकवाल्या दिवशीच माणसं जातात. ह्या गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेलं आहे, एक्सपायरी छापलेली आहे, देणारी सिस्टर शिकलेली आहे. नशेच्या पदार्थांचं नियमन करा म्हणतात तेव्हा लोकांच्या डोळ्यासमोर नाक्यावरचं गर्दचं दुकान येतं, माझ्या डोळ्यासमोर सेंटरची ही गोळी देणारी जाळीची खिडकी येते. मी दुकानं उघडा म्हणत नाहीये. पण हे नियमनच आहे, आणि सरकार ते आपल्याच हॉस्पिटलात करतंय.

आणि आपल्या कायद्यात पण ते बसतं, कोणी मेहरबानी करत नाहीये. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्याच्या कलम ७१ मध्ये सरकारला व्यसनी माणसांसाठी सेंटर काढायचा आणि वैद्यकीय गरज असेल तिथे त्यांना औषध पुरवायचा अधिकार आहे. २०१४ च्या दुरुस्तीत त्यात मॅनेजमेंट हा शब्द पण घातला, म्हणजे फक्त सोडवणंच नाही तर वर्षानुवर्षं सांभाळणं पण आलं.

तुलनेसाठी आता त्या आधीच्या केंद्राबद्दल. नाव नाही लिहित. २०१६ मध्ये तीन महिन्यांचे पैसे आधी भरून घेतले, रात्री दोन वाजता चार जण आले आणि दादाला चादरीत गुंडाळून नेलं, आई दारात उभी होती. तिथे औषध काहीच नव्हतं. टर्की म्हणजे पापाची शिक्षा, भोगू दे असं चाललेलं. एका खोलीत तीस जण, पहाटे भजन, चूक केली की पट्टा. मी तिसऱ्या आठवड्यात भेटायला गेले तर भेटू दिलं नाही. तीन महिन्यांनी घरी आणला तेव्हा गोरा झालेला, गाल भरलेले, सगळे म्हणाले बघा सुधारला. नवव्या दिवशी पब्लिक टॉयलेटमध्ये निळा पडलेला सापडला. तीन महिने बंद असलेल्या अंगाला जुन्या मापाचा डोस झेपत नाही, सवय गेलेली असते, हे नंतर ओएसटीच्या डॉक्टरांनी समजावलं. जेलमधून किंवा केंद्रातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. हे वाक्य त्या केंद्राच्या भिंतीवर असायला हवं होतं. भिंतीवर सुविचार होते.

सगळी केंद्रं तशी नसतात हे मी मान्य करते. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी सुरू केलं तेच मुळात गर्दची लाट आलेली बघून, आणि तिथून बाहेर पडून वीस-वीस वर्षं चांगले राहिलेले लोक आम्हाला भेटलेत. पूर्ण सोडणं ज्याला जमतं त्याने सोडावं, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला चार वेळा जमलं नाही त्याला पाचव्यांदा पण तेच करायला लावायचं का, का त्याला जिवंत ठेवायचं?

अजून एक गोष्ट जी सेंटरमुळे झाली. पहिल्याच महिन्यात सगळ्या टेस्ट केल्या, एचआयव्ही निगेटिव्ह आला, हेपटायटिस सी पॉझिटिव्ह. मी रडायला लागले, मला वाटलं लिव्हर गेलं. मॅडम म्हणाल्या अगं, ह्याच्यावर आता गोळ्या आहेत, बारा आठवडे, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट. रोज तो इथे येतोच, इथेच आठवण करतील. तीन महिन्यांनी टेस्टमध्ये व्हायरस सापडला नाही. रोज यावं लागण्याचा हा एक फायदा मानायलाच हवा.

पण तोटे पण लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कसला. वेळ सकाळी नऊ ते एक, रविवारी आणि सुट्टीला त्याहून कमी. ज्याला कारखान्यात आठची शिफ्ट आहे त्याने काय करायचं? दादाला सख्खे मामाच मालक म्हणून जमलं, नाहीतर रोज अकरानंतर येणाऱ्या माणसाला कोण नोकरीवर ठेवणार. दोन वेळा गोळ्यांचा स्टॉक संपत आला होता तेव्हा डोस कमी करून सगळ्यांना पुरवला, त्या आठवड्यात रांगेतले तीन-चार चेहरे दिसेनासे झाले. बाथरूम नाही, बाहेर बसायला सावली नाही. आणि बायका. सहा वर्षांत मी रांगेत मोजून पाच-सहा बायका बघितल्या. एक ताई गेटपाशी पदर तोंडावर घेऊन उभी राहायची आणि गर्दी बघून परत जायची, चौथ्या दिवशी मी तिला हात धरून आत नेलं. बायकांसाठी अर्धा तास वेगळा ठेवला तर किती बरं होईल, मी तक्रार वहीत दोनदा लिहिलंय. आणि हे फक्त अफूच्या घराण्यासाठी आहे हे पण लक्षात घ्या. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ती वेगळी नशा, त्या पोरांना इथे गोळी नाही, त्यांना काउन्सेलिंगच, आणि आमच्या एरियात आता एमडीच जास्त झालंय.

कोविडमध्ये मात्र ह्या लोकांनी कमाल केली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ट्रेन बंद, मग घरी न्यायला गोळ्या द्यायला लागले, आधी थोड्या दिवसांच्या, मग जास्त. मी पाकीट डब्यात ठेवायचे आणि सकाळी दादाला द्यायचे. सगळ्यांना भीती होती की विकतील, उधळतील. आमच्याकडे एकही गोळी इकडची तिकडे झाली नाही. अकरा वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या हातात काहीतरी विश्वासाने दिलं होतं, तो रोज पाकीट मोजून मला दाखवायचा.

आता तो कापलेला एक स्टार.

२०२१, ऑगस्ट. दादा डोस घेऊन बाहेर पडला, गेटच्या कोपऱ्यावर गाडी उभी. त्या दिवशी चौघांना उचललं. कुठलं स्टेशन ते लिहित नाही. चौघांपैकी एकाच्या खिशात खरंच पुडी होती, दादाच्या खिशात एक जुनी सुई, जी तो एनजीओकडे परत द्यायला घेऊन चालला होता. वर आणि दादाच्या पण नावावर पुडी लावली असं दादा सांगतो, मी तिथे नव्हते, पण मला माझ्या भावाचा खोटा आवाज ओळखता येतो आणि तो तो आवाज नव्हता. नवी सुई नॅकोच्या पैशातून वाटायची आणि तीच सुई जुनी झाल्यावर पुरावा म्हणून धरायची, एकाच सरकारचे दोन हात. त्याच एनडीपीएसच्या कलम २७ मध्ये हेरॉइन सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत असेल तर स्मॉल क्वांटिटी म्हणजे थोडा माल धरतात, जवळ बाळगल्याची शिक्षा वेगळी. जामीन मिळून घरी यायला अकरा दिवस गेले आणि अकरा दिवस गोळी नाही. काउन्सेलर मॅडम स्वतः लेटरहेडवर पत्र घेऊन गेल्या, हा आमचा पेशंट आहे, रोज औषध घेतो, औषध बंद करू नका. पत्र घेतलं. औषध नाही दिलं. अडीच वर्षं नीट चाललेला माणूस लॉकअपच्या फरशीवर टर्कीत पडलेला, ह्याच्यासाठी कोणाला स्टार कापू ते मला कळलं नाही म्हणून इथेच कापला.

आणि सुटल्यावर काय झालं असतं हे आता तुम्हाला पण माहीत आहे, पब्लिक टॉयलेटवालीच गोष्ट. वाचला कारण आउटरीचवाला गेटवरच उभा होता आणि थेट सेंटरला घेऊन आला. परत चार मिलिग्रॅमपासून.

वकिलांनी नाही, मॅडमनीच आम्हाला कलम ६४अ सांगितलं. व्यसनी माणसावर सेवनाची किंवा स्मॉल क्वांटिटीची केस असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार असेल तर त्याच्यावरची कारवाई टळू शकते. हे कायद्यात लिहिलेलं आहे! ह्या घरात दहा वर्षं पोलीस आले-गेले, एकानेही हे सांगितलं नव्हतं. पण त्यात पण अट आहे, उपचार पूर्ण केला नाही तर सवलत काढून घेता येते. आता सांगा, जी गोळी वर्षानुवर्षं घ्यायची तिचा उपचार पूर्ण झाला असं कोण लिहून देणार? आणि मुळात आधी पकडायचं, मग कोर्टात उभं करायचं, मग सिद्ध करायचं की मी आजारी आहे. उलटं का नाही?

उलटं करता येतं. पोर्तुगालने केलं. १ जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वापराएवढा माल जवळ सापडला तर तो गुन्हा राहिला नाही, माल जप्त होतो, आणि माणसाला कोर्टात न नेता तीन जणांच्या एका समितीसमोर बसवतात, त्यात कायदा जाणणारा, डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर असे लोक. समिती बघते की हा आजारी आहे का, उपचार हवाय का. विकणारा मात्र अजूनही गुन्हेगारच. त्याआधी त्या छोट्या देशात, म्हणजे साधारण एक कोटी वस्ती, जवळजवळ शंभरात एक माणूस हेरॉइनवर होता असं सांगतात. नंतर सुईमुळे होणाऱ्या एचआयव्हीच्या नवीन केसेस प्रचंड खाली आल्या. पण नुसता कायदा बदलून नाही हं, त्याच वेळी त्यांनी मेथाडोन वाढवलं, सुया वाटल्या, डॉक्टर नेमले. म्हणजे आमच्यासारख्या खिडक्या जागोजागी केल्या.

आणि जिथे खिडक्या न करता कायदा बदलला तिथे काय झालं ते पण बघायला पाहिजे, नाहीतर मी फक्त माझ्या सोयीचं सांगतेय असं होईल. अमेरिकेत ओरेगन राज्यात २०२० मध्ये मतदान करून हेच केलं, फेब्रुवारी २०२१ पासून थोडा माल सापडला तर शंभर डॉलरचा दंड, हेल्पलाइनला फोन केला की तो पण माफ. फोन अगदी थोड्यांनी केले, उपचाराचे पैसे पोचायला उशीर, आणि त्याच काळात फेंटॅनिल, म्हणजे हेरॉइनपेक्षा कितीतरी कडक नशा, घुसलं, रस्त्यावर उघड नशा दिसायला लागली, लोक वैतागले. सप्टेंबर २०२४ पासून परत गुन्हा. विरोध करणारे हे उदाहरण नेहमी देतात आणि ते खोटं नाहीये. पण मला त्यात जे दिसतं ते असं की चिठ्ठीवरचा फोन नंबर कोणाला सेंटरपर्यंत आणत नाही. आमच्या दादाला पण एकाने २०१४ मध्ये हेल्पलाइनचं कार्ड दिलं होतं, त्याने त्याची पन्नीची नळी केली. त्याला आणलं ते पुलाखाली रोज येणाऱ्या माणसाने.

आपल्याकडे चित्र बरोबर ओरेगनच्या उलटं आहे. खिडकी आहे, सिस्टर आहे, आउटरीचवाला आहे, कमी आहेत पण आहेत, आणि कायदा मात्र गेटवर उभा आहे. एम्सने केलेल्या पाहणीचा रिपोर्ट २०१९ मध्ये आला त्यात देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफू-हेरॉइन-गोळ्या ह्यामुळे मदतीची गरज आहे आणि सुई मारणारे साडेआठ लाखांच्या आसपास असं म्हटलंय. ७७ लाख लोकांना तुरुंगात टाकणार का? २०२१ मध्ये दादा आत होता त्याच्या दोनेक महिन्यांनी पेपरात बातमी आली की केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने स्वतःच्या वापरापुरता माल असेल तर तुरुंगाऐवजी उपचार करा अशी शिफारस केलीये. मी ते कात्रण काउन्सेलर मॅडमना नेऊन दाखवलं, त्यांनी बोर्डावर लावलं. कागद पिवळा पडला, अजून तिथेच आहे.

आणि महाराष्ट्राला ह्यात नवीन काही नाहीये. दारूबंदीचा कायदा १९४९ चा आहे आपल्याकडे, कागदावर आजही दारू प्यायला परमिट लागतं, वयाची अट आहे, दुकानाला लायसन्स आहे. माझे काका दारूने गेले, लिव्हर फुटून, पण त्यांना बाटली जवळ सापडली म्हणून कोणी अकरा दिवस आत टाकलं नाही. त्यांना हॉस्पिटलात बेड मिळाला आणि लोक सफरचंद घेऊन भेटायला आले. दादाला पण तेवढंच पाहिजे. सफरचंद नको, बाकी सगळं. गांजा खुला करावा का, त्याची दुकानं असावीत का, त्यावर मी मत देत नाही, मला तो अनुभव नाही. मला हेरॉइन माहीत आहे, आणि हेरॉइनवाल्याला बेडी घातल्याने त्याची नस भरून येत नाही.

आईचं मत वेगळं आहे हे पण लिहिते, तिने सांगितलंय लिही म्हणून. ती म्हणते पोलिसांची भीती अजिबात नसेल तर अजून दहा घरातली पोरं लागतील. तिचं दुःख मला कळतं आणि मी तिला एकच विचारते, आपल्या घरात भीती होती की, दादा थांबला का? ती म्हणते नाही, पण मग विकणाऱ्याला तरी पकडा. त्यावर आमचं एकमत आहे. आमच्या गल्लीत विकणारा अजून तोच आहे, २००९ पासून.

सध्या दादा आठ मिलिग्रॅमवर आहे. डॉक्टर कमी करायची घाई करत नाहीत, तो पण करत नाही. शनिवारी रविवारची गोळी घरी मिळते आता. केस अजून चालू आहे, तारखेला गेलं की त्या दिवशी डोस चुकतो की काय म्हणून सिस्टर त्याला नऊच्या आधी आत घेतात, हे कुठल्या नियमात नसेल पण घेतात. म्हणून चार स्टार, आणि त्या सिस्टरांना, डॉक्टरांना, मॅडमना आणि पुलाखाली जाणाऱ्या त्या भावाला पाच.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या एड्स कंट्रोलवाल्या खोलीत किंवा मानसोपचार ओपीडीत ओएसटी कुठे आहे असं विचारा, तिथे सांगतात. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो न्या, आधार हरवलं असेल तरी जा, आमचं पण हरवलेलं होतं, त्यांनी बनवून घेतलं. आदल्या रात्रीपासून काही घेतलेलं नको. पहिल्या दिवशी तीन-चार तास लागतात, सोबत कोणीतरी थांबा आणि त्याच्यासाठी बदलायचे कपडे ठेवा. आणि गेटपाशी गर्दी बघून परत फिरू नका, रांग सोडून सरळ खिडकीशी जा आणि नवीन आहे एवढंच सांगा, नवीन माणसाला रांगेत उभं करत नाहीत.